मंगळावरची धूळ, चुलीपुढची धूळ

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय वाचून तुमच्यापैकी काहीजणींना हसू आलं असेल. सकाळी पोटगीच्या कायद्यावर चर्चा झाली, दुपारी रेशनवर होणार आहे, आणि मधेच हे 'ग्रहांच्या हवेतली धूळ मोजणारी छोटी यंत्रं'! चहाच्या वेळी एका बाईंनी मला विचारलंच, "ताई, आमच्या वस्तीत नळाला पाणी नाही, आणि तुम्ही मंगळावर कुठं निघालात?" प्रश्न रास्त आहे. मी तो टाळणार नाही. तोवर तो लक्षात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

खरं तर मंगळ आपल्याला परका नाही. तो आपल्या घरात पत्रिकेतून शिरतो. 'मुलीला मंगळ आहे' एवढं कुणी म्हटलं की आलेली स्थळं परत जातात. मुलाचा मंगळ बऱ्याचदा खपवून नेतात, मुलीचा मात्र नवऱ्याच्या जिवावर उठतो म्हणे. ज्याच्या नावानं आपल्या इतक्या मुलींना नाकारलं जातं, तो ग्रह निदान एकदा जवळून बघायला हवा. तिथे कोप नाही, क्रोध नाही. तिथे थंडी आहे, रात्री पारा शून्याखाली ८० अंशांच्याही खाली जातो. हवा आहे, पण तिचा दाब आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, आणि ती जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची. आणि तिथे धूळ आहे. लोखंडाच्या गंजानं तांबडी झालेली धूळ. मंगळ लाल दिसतो तो रागानं नव्हे, गंजानं.

मी आयुष्यभर धूळ मोजणारी यंत्रं बनवण्याचं काम केलं. माझी यंत्रं मंगळावर गेली नाहीत, ती खाणींत आणि कारखान्यांत गेली. पण मंगळासाठी यंत्र बनवणारे आणि मी, आमचा धंदा एकच. म्हणून त्यांच्या कामाकडे माझं लक्ष असतं.

आधी धूळ म्हणजे किती बारीक ते सांगते. मंगळाच्या हवेत तरंगणारा कण सरासरी तीन मायक्रॉन व्यासाचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीत असे वीसेक कण शेजारी शेजारी बसतील. आपण पीठ वस्त्रगाळ करतो, पण या धुळीपुढे ते पीठ म्हणजे भरड रवाच.

इतका बारीक कण लवकर खाली बसत नाही, तो तरंगत राहतो. सुपात धान्य पाखडताना दाणा सुपात राहतो आणि कोंडा पुढे उडतो. वारा दोघांनाही तोच लागतो, पण जड ते मागे राहतं आणि हलकं ते जातं. धुळीच्या शास्त्राचं पहिलं सूत्र हेच आहे, आणि ते आपल्या आज्यांच्या हातात होतं. श्वासाचंही तसंच. जाडा कण नाकात, घशात अडकतो. बारीक कण हवेबरोबर वळणं घेत फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. म्हणून 'धूळ किती' एवढं विचारून भागत नाही. 'किती बारीक' हेही विचारावं लागतं.

मंगळावर ही धूळ काय करते? १९७१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचं मरिनर ९ हे यान मंगळाभोवती फिरू लागलं, तेव्हा अख्खा ग्रह धुळीच्या वादळानं झाकलेला होता. छायाचित्रांत काही दिसेना. यानाला नव्या सूचना देता येत होत्या, म्हणून ते धूळ बसेपर्यंत थांबलं आणि मग कामाला लागलं. त्याच सुमाराला सोव्हिएत रशियाची मार्स २ आणि मार्स ३ ही यानं पोचली होती. त्यांचे उतरणारे भाग आधी ठरल्याप्रमाणे उतरणार होते, थांबण्याची सोय नव्हती. ते ऐन वादळात उतरले. एक आदळून फुटला. दुसरा नीट उतरला, पण काही सेकंद संदेश पाठवून कायमचा मुका झाला.

पुढची हकिगत अलीकडची आहे. ऑपॉर्च्युनिटी नावाची गाडी २००४ साली मंगळावर उतरली. तिनं ९० दिवस काम करावं अशी अपेक्षा होती, ती चौदा वर्षं चालली. २०१८ च्या जूनमध्ये ग्रहभर वादळ उठलं, दिवसाची रात्र झाली, सौर पट्ट्यांना ऊन मिळेना. १० जूनला तिचा शेवटचा निरोप आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात इनसाइट नावाचं यान उतरलं. सुरुवातीला त्याच्या सौर पट्ट्या दिवसाला सुमारे ५००० वॉट-तास वीज देत होत्या. धूळ साठत गेली आणि २०२२ च्या वसंतापर्यंत ती ५०० वर आली. डिसेंबर २०२२ मध्ये यान बंद पडलं.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. मे २०२१ मध्ये इनसाइटच्या लोकांनी यानाच्या यांत्रिक हातानं वाळू उचलली आणि सौर पट्टीजवळ वाऱ्यावर सोडली. जाड वाळूचे कण पट्टीवरून उड्या मारत गेले आणि चिकटलेली बारीक धूळ आपल्याबरोबर घेऊन गेले. दिवसाला सुमारे ३० वॉट-तास वीज वाढली. राखेनं किंवा वाळूनं भांडं घासणाऱ्या बाईला हे शिकवावं लागलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. मंगळाच्या धुळीबद्दल जे काही कळलं आहे, ते बहुतेक लांबून कळलं आहे. वरून फिरणाऱ्या यानांनी धुळीतून आलेला प्रकाश पाहिला, खाली उतरलेल्या गाड्यांनी कॅमेरा सूर्याकडे करून ऊन किती मंदावलं ते पाहिलं, आणि त्यावरून कणांच्या आकाराचा हिशेब केला. काही साधी, हुशार यंत्रं गेली. १९९७ साली सोजर्नर या चिमुकल्या गाडीवर एक छोटा सौर घट होता आणि त्यावर सरकणारी काच. काच वर असताना वीज किती आणि काच बाजूला केल्यावर किती, एवढंच पाहायचं. काचेवर धूळ साठेल तसा फरक वाढणार. त्यातून कळलं की धूळ बसल्यामुळे वीज दर दिवशी साधारण ०.२८ टक्क्यानं कमी होते. एक काच आणि एक घट, आणि एवढा नेमका आकडा! पण हा बसलेल्या धुळीचा हिशेब झाला. मंगळाच्या जमिनीवर उभं राहून, तिथली हवा ओढून घेऊन, तिच्यातला कण आणि कण मोजणारं यंत्र तिथं अजून काम करू शकलेलं नाही.

ते बनवण्याचा ध्यास इटलीतल्या नेपल्सच्या कापोदिमॉन्ते वेधशाळेतल्या एका गटानं घेतला. गटाच्या प्रमुख फ्रान्चेस्का एस्पोसितो. यंत्राचं नाव मायक्रोमेड. वजन सुमारे अर्धा किलो, आपल्या घरातल्या साखरेच्या छोट्या पुडीएवढं.

हे यंत्र काय करतं ते सोपं आहे. दुपारी बंद खोलीत कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धुळीचे कण नाचताना दिसतात, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. एरवी ते दिसत नाहीत, तिरिपेत आले की चमकतात. मायक्रोमेडमध्ये तिरिपेच्या जागी लेझरचा झोत आहे आणि डोळ्याच्या जागी प्रकाश पकडणारा छोटा घट. पंप हवा ओढतो, हवेची बारीक धार झोतातून जाते. एक कण झोतात आला की तो प्रकाश इकडेतिकडे फेकतो, एक आरसा तो गोळा करून घटावर टाकतो आणि विजेचा एक ठोका पडतो. ठोके मोजले की कण किती ते कळतं, ठोक्याच्या जोरावरून कण केवढा ते कळतं. ०.४ पासून २० मायक्रॉनपर्यंतचे कण मोजायचे, असं या यंत्राचं उद्दिष्ट आहे.

तत्त्व इतकं सोपं आहे, तर मग अवघड काय? अवघड आहे ते लहान करणं. प्रयोगशाळेत असं यंत्र टेबलभर असलं तरी चालतं. बिघडलं तर उघडता येतं, काच पुसता येते, वीज भिंतीतून येते. मंगळावर प्रत्येक ग्रॅमचा आणि प्रत्येक वॉटचा हिशेब असतो. आणि नुसतं सगळं अर्ध्या मापात केलं म्हणून यंत्र लहान होत नाही. चारजणांच्या स्वयंपाकाचं प्रमाण चाळीसजणांना गुणून चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. इथं ते उलट्या दिशेनं आहे.

पंपाचंच घ्या. मंगळाची हवा इतकी विरळ की तिच्या रेणूंच्या दोन टकरींमधलं अंतर धुळीच्या कणाएवढं किंवा त्याहूनही जास्त असतं. आपल्याकडे हवा कणाला धरून नेते. तिथे तिची पकड ढिली पडते. नळीला वळण आलं की जाडा कण हवेबरोबर न वळता भिंतीवर आदळतो आणि तिथेच चिकटतो. मग यंत्र म्हणणार, जाडे कण नाहीतच! म्हणून हवा आत घेणारं तोंड आणि नळी अशा बेतानं घडवावी लागते की बारीक आणि जाडे दोन्ही कण झोतापर्यंत पोचतील. दुसरी अडचण धुळीचीच. जे मोजायचं तेच यंत्राच्या काचेवर बसून त्याला आंधळं करतं. तिसरी, झोताचा सरळ प्रकाश घटावर पडला तर कणाचा क्षीण प्रकाश त्यात बुडून जाईल. म्हणून सरळ प्रकाश गिळून टाकणारा काळा सापळा करावा लागतो, तोही इवल्याशा जागेत.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे यंत्र खरं बोलतं की नाही हे तपासणं. वजनकाटा जसा प्रमाणित वजनं ठेवून तपासतात, तसं या यंत्रातून आधी माहीत असलेल्या आकाराचे गोल कण सोडतात आणि ते काय आकडा सांगतं ते बघतात. हे सगळं मंगळासारखा दाब आणि मंगळासारखी हवा भरलेल्या बंद पेटीत करावं लागतं, कारण आपल्या हवेत खरं बोलणारं यंत्र तिथल्या हवेत खोटं बोलू शकतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या बाईंच्या गटाच्या वाट्याला यश सहजासहजी आलं नाही. मायक्रोमेडच्या आधी त्यांनी ड्रीम्स नावाचं हवामानाच्या यंत्रांचं एक छोटं गाठोडं बनवलं होतं. त्यात वारा, दाब, तापमान यांच्याबरोबर मंगळाच्या हवेतली वीज मोजण्याचीही सोय होती. धुळीचे कण एकमेकांवर घासून वीज तयार होते, आपल्या केसांत कंगवा फिरवल्यावर होते तशी. यासाठी त्यांनी मोरोक्कोच्या वाळवंटात धुळीची वादळं मोजली आणि दाखवून दिलं की या विजेच्या ओढीमुळे उडणारी धूळ दसपटीपर्यंत वाढू शकते. ड्रीम्स शियापारेल्ली यानातून मंगळाला गेलं. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी उतरताना एका मापकाचा गोंधळ झाला. संगणकाला वाटलं आपण जमिनीवर पोचलो. प्रत्यक्षात यान सुमारे पावणेचार किलोमीटर उंचावर होतं. ते कोसळलं, आणि त्यात ड्रीम्सही गेलं.

मायक्रोमेड रशियानं बनवलेल्या तळयानावरून जायचं होतं. प्रवास २०१८ वरून २०२० वर आणि २०२० वरून २०२२ वर गेला. मग युक्रेनवर रशियानं हल्ला केला, आणि मार्च २०२२ मध्ये युरोपच्या अंतराळ संस्थेनं रशियाबरोबरचं हे काम थांबवलं. वर्षानुवर्षं घडवलेलं यंत्र जमिनीवरच राहिलं. युद्ध काय काय गिळतं याची यादी करायला बसलो तर त्यात हीसुद्धा एक ओळ येईल.

त्याच मोहिमेतली गाडी नव्या तळयानावरून २०२८ साली पाठवायची योजना आहे. तिला नाव दिलं आहे रोझलिंड फ्रँकलिनचं. ही कोण? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिनं ब्रिटनमध्ये कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांवर संशोधन केलं. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात क्ष-किरणांनी डीएनएची छायाचित्रं घेण्याचं काम केलं. १९५२ साली तिच्या देखरेखीखाली निघालेलं एक छायाचित्र तिला न विचारता दुसऱ्या संशोधकाला दाखवण्यात आलं आणि डीएनएची रचना उलगडण्यात त्याचा उपयोग झाला. १९५८ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी ती वारली. १९६२ चं नोबेल तीन पुरुषांना मिळालं. मोजलं एकीनं, आकडे वापरले दुसऱ्यांनी. आता तिचं नाव गाडीला दिलं आहे. चांगलंच आहे. पण आपण यातून काय घ्यायचं? मोजणारीच्या हातात तिचे आकडे राहिले पाहिजेत.

आपल्या देशातही अशी यंत्रं होतात. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनं ग्रहांच्या मधल्या अवकाशातली धूळ पकडणारं डेक्स हे यंत्र बनवलं. १ जानेवारी २०२४ रोजी ते पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावरून वर गेलं. वजन साधारण ३ किलो, वीज साडेचार वॉट, म्हणजे आपल्या जुन्या झिरोच्या बल्बापेक्षाही कमी. त्याची रीत वेगळी आहे. अवकाशातला कण सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं येतो, यंत्राच्या पत्र्यावर आदळतो आणि त्या आघातानं विजेचा ठोका उमटतो. पण मुद्दा तोच. लहान, काटकसरी, आणि जिथं धूळ आहे तिथं जाणारं यंत्र.

'जिथं धूळ आहे तिथं जाणारं'. यंत्र लहान का असावं, हे मला मंगळानं शिकवलं नाही. एका मजूर बाईनं शिकवलं.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका खडी क्रशरवर धूळ मोजायला गेलो होतो. यंत्र जड होतं आणि त्याला वीज लागायची, म्हणून ते ऑफिसच्या ओट्यावर ठेवलं, तिथं प्लग होता. क्रशर खाली, वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला. दिवसभर यंत्र चाललं आणि आकडा मर्यादेच्या आत आला. संध्याकाळी आवराआवर करताना डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई थांबली. भुवयांपासून लुगड्यापर्यंत सगळी पांढरी. म्हणाली, "बाई, धूळ तिकडं हाय, आन् तुमी हितं काय मोजताय?" मी हसून काहीतरी उत्तर दिलं. अहवाल गेला. त्याच्याखाली माझी सही आहे. आकडा खोटा नव्हता, ओट्यावरची हवा खरोखरच बरी होती. पण ओट्यावर कुणी खडी भरत नव्हतं. तो अहवाल दाखवून पुढं कुणाकुणाला काय काय नाकारलं गेलं असेल, हे मला आजही टोचतं.

१९६० साली ब्रिटनमध्ये अणुऊर्जेच्या केंद्रात काम करणाऱ्या दोन संशोधकांनी अंगावर बाळगता येईल असा छोटा पंप तयार केला. कामगाराच्या गळ्याजवळची, म्हणजे तो श्वास घेतो तिथली हवा त्यात जमा व्हायची. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेलं यंत्र जे सांगतं त्याहून माणसाच्या नाकाशी धूळ बरीच जास्त असू शकते, हे अशा पंपांनी दाखवलं. गुजरातमधल्या खेड्यांत कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच पंप चुलीपुढं बसणाऱ्या बायकांच्या अंगावर लावले आणि १९८३ साली निष्कर्ष छापले. स्वयंपाक चालू असताना दर घनमीटर हवेत सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास धूर-धूळ होती. तोवर प्रदूषण म्हणजे शहरातली चिमणी आणि मोटारी. चुलीपुढची बाई कुणाच्या नकाशावरच नव्हती, कारण तिच्या गळ्याशी कुणी यंत्र नेलं नव्हतं.

याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवते. चंद्रावर जाणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या नासा संस्थेनं चांद्रधुळीची मर्यादा घातली आहे. राहण्याच्या जागेतल्या हवेत, सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी, दहा मायक्रॉनहून बारीक धूळ सरासरी ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. १९७२ साली अपोलो १७ मधले हॅरिसन श्मिट चांद्रधुळीनं शिंकू लागले होते, त्यांचं नाक चोंदलं होतं. या शिंकांची नोंद झाली, अभ्यास झाला. हे दोन आकडे एका मापाचे नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. चुलीच्या आकड्यात सगळ्या आकारांचे कण आहेत. तरीही चंद्रावर वस्ती होण्याच्या आधीच तिथल्या खोलीतल्या हवेची मर्यादा ठरते, आणि आपल्याकडची २००९ ची राष्ट्रीय मानकं बाहेरच्या हवेपुरती असतात. उंबऱ्याच्या आतली हवा, जिथं बाई दिवसातले कित्येक तास काढते, ती त्यांच्या कक्षेत येत नाही. घराच्या आत काय चालतं तो खाजगी मामला, हे वाक्य आपण मारहाणीच्या बाबतीत ऐकलं आहे. हवेच्या बाबतीतही तेच आहे.

मला अंतराळवीरांच्या फुप्फुसांची काळजी घेऊ नका असं म्हणायचं नाही. ती घेतली जाते तशी आपलीही घ्या, एवढंच. 'एवढं नाजूक यंत्र खाणीत कसं न्यायचं, चुलीपुढं कसं ठेवायचं' हे मी वर्षानुवर्षं ऐकलं. अर्धा किलोचं यंत्र मंगळाच्या थंडीसाठी घडवता येतं, तर मग अडचण यंत्राची नाही, इच्छेची आहे.

आणि आता तर तळहातावर मावणारे लेझर-सेन्सर बाजारात मिळतात. मायक्रोमेडचीच रीत: लेझरचा झोत, हवा ओढायला पंपाऐवजी छोटा पंखा, प्रकाश पकडणारा घट. किंमत काही हजार रुपयांच्या आत. आपल्या गटांनी ते वापरावेत असं मला वाटतं. पण डोळे उघडे ठेवून.

मघाचं वाक्य आठवा. एका हवेत खरं बोलणारं यंत्र दुसऱ्या हवेत खोटं बोलू शकतं. पावसाळ्यात, धुक्यात कण ओलाव्यानं फुगतात आणि सेन्सर जास्त आकडा दाखवतो. म्हणून तो आधी काही दिवस प्रमाणित यंत्राच्या शेजारी ठेवून तपासून घ्या, नाहीतर समोरचा वकील पहिल्याच दिवशी तुमचे आकडे उडवून लावेल. दुसरं, तो नाकाच्या उंचीवर आणि कामाच्या जागी ठेवा. चुलीपुढं बसणाऱ्या बाईचं नाक जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असतं, शेल्फावरचा आकडा तिचा नव्हे. तिसरं, शेजारी वही ठेवा. चूल कधी पेटवली, क्रशर कधी चालू झाला, पाणी मारलं की नाही, खोकला कुणाला आला. वहीशिवाय आकडा मुका असतो. आणि चौथं, आकड्यांची एक प्रत आपल्याकडेच ठेवा. रोझलिंडला विसरू नका.

सगळ्यात महत्त्वाची मर्यादा अशी की हे यंत्र धूळ किती आणि केवढी ते सांगतं, कशाची ते सांगत नाही. त्याला गव्हाचं पीठ आणि गारगोटीची पूड सारखीच. फुप्फुसाला ती सारखी नाही. गारगोटीत, वालुकाश्मात स्फटिक सिलिका भरपूर असते, आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात कमी. म्हणून कारखान्यांसाठीच्या कायद्यातली धुळीची मर्यादा सिलिकाच्या प्रमाणावर ठरते. श्वासात जाणाऱ्या धुळीत सिलिका १८ टक्के असेल तर दर घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम, ४८ टक्के असेल तर ०.२. सिलिका किती हे बघायला धूळ गाळणकागदावर जमा करून प्रयोगशाळेतच न्यावी लागते. लहान यंत्रानं धोक्याची जागा शोधायची आणि मोठ्या प्रयोगशाळेकडून पुरावा मागायचा, असं हे जोडकाम आहे.

न मोजलेल्या धुळीची किंमत काय असते? मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी गुजरातमध्ये गोध्र्याजवळ गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१० साली २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये भरपाई देण्याची शिफारस केली. ते पैसे द्यावेत यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१६ उजाडलं. ही माणसं कामावर असताना त्यांच्या गळ्याशी अर्धा किलोचं यंत्र असतं आणि त्याचा आकडा त्यांना वाचता आला असता, तर हा हिशेब मेल्यानंतर करावा लागला नसता.

आता चहाच्या वेळच्या प्रश्नाकडे येते. वस्तीत पाणी नाही आणि मी मंगळावर कशाला? बाई, मी मंगळावर गेले नाही, जाणारही नाही. मी फक्त तिथं चाललेल्या यंत्राचं तोंड आपल्याकडे वळवायला आले आहे. यंत्र कुठं ठेवायचं हे तत्त्वज्ञानानं ठरत नाही, प्लग कुठं आहे आणि खुर्ची कुणाची आहे यावर ठरतं. मी एकदा ते ओट्यावर ठेवलं. पुढच्या वेळी ते कुठं ठेवायचं हे पाटी घेतलेल्या बाईनं सांगावं, आणि यंत्र तिनंच हातात धरावं. माझ्या पिशवीत असा एक सेन्सर आहे. जेवणाआधी आपण तो मागच्या बाजूला स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या शेजारी नेऊन ठेवू या. त्यांना विचारून. आणि आकडा आधी त्यांना दाखवू, मग वहीत लिहू.